कान

कोल्हापुरी चपलेला कान असतात,
तळाच्या दोन्ही अंगांना, पट्टा ओवायला.
आमच्या सुभाषनगरात बायका घरोघरी ते शिवतात.
त्या कानांना काही ऐकू येत नाही, हे बरंच आहे.

काकवीचे कान मात्र खरे.
उजवा उभा, डावा मोडलेला.
चार गल्ल्या पलीकडं लवंगी वाजली
तरी आधी तेच थरथरतात,
मग पाय, मग सगळी काकवी.

गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाला दार उघडं राहिलं.
पणती ठेवायला मीच उघडलेलं.
तिसऱ्या दिवशी उचगावच्या फाटकापाशी सापडली,
नखं झिजलेली, गळा मोकळा.
मला बघून उठली नाही.
आधी माझ्या पायातलं हुंगलं.
घरचं कातडं ओळखलं,
मग मला.

म्हणून यंदा उरल्यासुरल्या पट्टीचा गळपट्टा केला,
चपलेवर शिक्का मारतो तसा
त्यावर मोबाईल नंबर ठोकला.
सात तिरका गेलाय. वाचता येतो.

आज चारलाच तिला टेंबलाईच्या पायथ्यापर्यंत फिरवून आणली.
दिवे लागायच्या आत भाकरी चारली.
पणत्या ह्यांनी लावल्या, मी आतून कडी घातली.
खिडकीला हिरड्याची रिकामी पोती,
कॉटखाली तिची गोधडी, पाण्याची थाळी.
"पोटाशी धरून बस की गं तिला," हे म्हणाले.

मागं धरली होती. दाबून.
तिचं काळीज माझ्या बरगड्यांवर दार ठोठावत होतं
आणि मी म्हणत होते, उगी, उगी,
म्हणजे कडी लावूनच म्हणत होते.
आता धरत नाही.
कॉटपाशी मांडी घालून बसते. यायचं तर येईल.

आठला पहिला सुतळी बॉम्ब.
मागोमाग तालमीच्या पोरांची दहा हजारांची माळ.
मांडणीवरची भांडी एकमेकींना चाचपत राहिली.
रेडिओ मोठा केला.
रेडिओकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.
लाळ गळायला लागली, भिंत उकरायला लागली,

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं.
ही तर ठोक्यातच वाढलेली.
हिचे डोळे उघडले ते तळ ठोकायच्या दगडाशेजारी.
दिवसभर मोगरी चालते आणि ही घोरते.
ठोका म्हणजे तिच्या लेखी
घरात माणूस आहे.

पण मोगरी पाटावर होती,
रापी आणि आरीच्या मधे,
हळदीकुंकू लावून, झेंडूचं फूल डोक्यावर.
"आज हत्याराला हात लावतीस?" आत्ती म्हणाल्या.
मी फूल उतरवून तांदळावर ठेवलं, पाया पडले.
"लक्ष्मी अनवाणी किती दारं फिरंल, आत्ती?"

ठक. ठक. ठक.
बाहेर धडाम, आत ठक.
बाहेरचा कधी येईल, सांगता येत नाही.
आतला येतो.

चौथ्या तळाला उकरणं थांबलं.
सहाव्याला गोधडीवर पडल्याचा आवाज आला.
नवव्याला माझा खांदा गेला,
ठोका अडखळला,
आणि कॉटखालून मोडका कान तेवढा बाहेर आला.

आत्ती उठल्या.
मामंजी गेल्यापासून त्यांनी मोगरी धरली नव्हती.
"चुकाय लागलीस. दे हिकडं."

त्यांचा ठोका माझ्यापेक्षा संथ, जुना.
साडेबाराच्या सुमाराला काकवी सरपटत आली
आणि त्यांच्या पावलावर हनुवटी टेकली.
आत्तींनी पाय हलवला नाही.
"मुंग्या आल्यात," एवढंच म्हणाल्या,
आणि ठोकत राहिल्या.

सकाळी मोजले, अकरा तळ.
एक इतका ठोकला गेलाय की पापुद्रा झालाय,
उजेडाला धरला तर बोटं दिसतात.
तो कुणाच्या पायात जायचा नाही.
मी खुंटीला अडकवलाय.

पोरांकडं अजून अर्धी पेटी शिल्लक आहे,
आणि पाडवा यायचाय.
आत्तींनी पाटावरचं फूल बदललं,
मोगरी मात्र पाटावर परत ठेवली नाही.
कॉटपाशीच आहे.